ध चा ढ

तिळूला भुवया द्याव्यात की नाही, या एका प्रश्नावर अवंतिकाने अख्खी सकाळ घालवली. मुंगसाला भुवया नसतात. पण भुवया नसलेलं पात्र संशय घेणार कसं, नाक मुरडणार कसं, आणि मुख्य म्हणजे समोरच्याला कस्पटासमान लेखणार कसं? शेवटी तिने डोळ्यांवर केसांचे दोन झुपके काढले आणि डावा झुपका जरा वर उचलला. कागदावरच्या मुंगशीने लगेच तिच्याकडे असं काही पाहिलं, की आपणच तिच्या खोलीत न विचारता शिरलो की काय, असं अवंतिकाला वाटलं. ती भलतीच खूश झाली.

खूश व्हायला कारणही होतं. लहान मुलांसाठी मराठी कार्टून मालिका करणाऱ्या पुण्याच्या एका स्टुडिओचं काम ती ग्वाल्हेरात बसून करायची, हरिशंकरपुरममधल्या फ्लॅटच्या मागच्या खोलीत. आजवर तिच्या वाट्याला यायचं ते सगळं मागचं. झाडं, भिंती, विहिरी, ढग. पुढे नाचायची ती दुसऱ्या कुणाची तरी पात्रं, आणि हिने रंगवलेल्या विहिरीकडे कुत्रंसुद्धा बघायचं नाही. या खेपेला पहिल्यांदाच मालिकेची नायिका तिच्या हातात आली होती. दिग्दर्शिका मंजिरी हिची रीत अशी, की पात्राचं वर्णन ती दोन ओळींत उरकायची, म्हणजे चित्रकाराला शोधायला जागा राहते. तिळूबद्दल तिने एवढंच लिहिलं होतं : ‘मुंगशीचं पिल्लू. माणसाच्या हिशेबाने आठ वर्षांची. पडक्या स्टेशनात आजोबांबरोबर राहते. धीट.’

गोम त्या शेवटच्या शब्दात होती, आणि तिथे काही गोम आहे याचा अवंतिकाला पत्ताच नव्हता.

त्याचं असं आहे, की ग्वाल्हेरच्या मराठी घरांत वाढलेल्या पोरांना एक युक्ती न शिकवता येते. बाहेरचा हिंदी शब्द उंबऱ्याच्या आत घेताना जरा मऊ करायचा, की झाला मराठी. बाहेर ठंडा, घरात थंड. बाहेर ढूँढना, घरात धुंडाळणं. या हिशेबाने बाहेरचं ढीठ घरात धीट होणार, यात शंका कसली? आणि ढीठ म्हणजे काय, हे सांगायला ग्वाल्हेरात कुणी कोश उघडत नाही. हजारदा बजावलं तरी जो जागचा हलत नाही, बोलणी खाऊन वर दात काढतो, तो ढीठ. थोडक्यात, निगरगट्ट. धीट म्हणजे न भिणारा, हे पुण्यातल्या बालवाडीतलं पोरही सांगेल, पण अवंतिका पुण्यातल्या बालवाडीत नव्हती गेली. तिने तो शब्द वाचला, गालातल्या गालात हसली आणि पेन्सिलीला टोक केलं.

हसली, कारण नमुना घरातच हजर होता. तिची शामलाआत्या. अवंतिकाचे आईवडील तिच्या भावाकडे भोपाळला राहायला गेल्यापासून आत्या आणि भाची दोघीच या फ्लॅटमध्ये होत्या. आत्याने मुलींच्या शाळेत जन्मभर भूगोल शिकवला, लग्न केलं नाही, आणि नातेवाइकांपैकी एकाचंही ऐकलं नाही. ‘शामला ढीठ आहे’ हे त्या घराण्यात सूर्य पूर्वेला उगवतो इतकं ठरलेलं होतं. आत्यालाही त्याचं काही वाटत नसे. निदान तसं ती दाखवत नसे.

"आत्या, जरा तशीच उभी राहा ना," अवंतिका स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. आत्या कमरेवर हात ठेवून गॅसवरच्या दुधाकडे डोळे वटारून बघत होती.

"काय करून राहिलीस?"

"तुला काढतेय. नायिका ढीठ पाहिजे त्यांना."

"मग बरोबर जागी आलीस," आत्या म्हणाली आणि हनुवटी आणखी दोन बोटं वर केली. तेवढ्यात दूध उतू गेलं ते गेलंच.

पहिलं चित्र गेलं ते असं : कमरेवर हात, वर उचललेली हनुवटी, तो डावा झुपका. मंजिरीने ते बघून आवाजी निरोप पाठवला. "रेषा छान आहे गं. पण ही कुणाशी भांडून आलीय का? मला हवी तेवढी धीट नाही वाटत. अजून धीट कर."

अजून? अवंतिकाला नवल वाटलं. पुण्याचे लोक दिसतात साधे, पण त्यांची मागणी भारी होती. दुसऱ्या चित्रात तिने तिळूला पाठमोरी केली, शेपूट उभी केली आणि खांद्यावरून अशी एक नजर टाकायला लावली की बघणाऱ्याने आपण होऊन दोन पावलं मागे व्हावं. मंजिरी म्हणाली, "हिला एक तरी मैत्रीण असेल का गं? नाही, धीट हवी मला, धीट." तिसऱ्या चित्रात तिळू स्टेशनच्या दारात आडवी पसरली, पायावर पाय टाकून गवताची काडी चघळत, आणि वर उभा राहून कुणी तरी घसा फोडून ओरडतोय त्याच्याकडे तिचं लक्षसुद्धा नाही. याहून ढीठ प्राणी पृथ्वीच्या पाठीवर सापडणार नाही, अशी अवंतिकाची खात्री होती. आत्या तर ते चित्र बघून टाळ्या वाजवून हसली.

मंजिरी हसली नाही. तिने निरोप बोलून नाही, लिहून पाठवला. ‘अवंतिका, जमत नाहीये. शुक्रवारपर्यंत अजून एकदा बघू. नाहीतर तिळू मला इथल्या टीमकडे द्यावी लागेल. तुझी स्टेशनची चित्रं मात्र अप्रतिम झाली आहेत.’

शेवटचं वाक्य अवंतिकाला सगळ्यात जास्त लागलं. पुन्हा विहिरी. पुन्हा ढग. एकदा का नायिका हातातून गेली की दुसरी कुणी देणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. आणि नुसतं कामाचं दुःख नव्हतं ते. एवढ्या दिवसांत तिचा त्या मुंगशीवर जीव जडला होता. ही आहे तरी कोण, हे कळायच्या आतच तिला दुसऱ्याच्या घरी पाठवायचं, ही कल्पना तिला सोसवेना.

बुधवारी तिने ठरवलं, आता मंजिरीला काही दाखवायचंच नाही. फक्त विचारायचं, तिळूला. ही जेवते कशी? उभ्या उभ्या, की मांडी घालून? पाऊस आला तर आधी स्वतः आत पळते की आजोबांची काठी आत घेते? तिने कागदांमागून कागद भरले आणि कपाटाच्या दारांवर चिकटवले. कपाट भरलं तेव्हा भिंतीवर. आणि मग एक चमत्कारिक गोष्ट तिच्या ध्यानात आली. समोर दुसरं कुणी असलं, की तिळू जबरदस्त दिसायची. ते दुसरं माणूस चित्रातून काढून टाकलं, की वर उचललेला झुपका नुसता केस होऊन राहायचा. नाक मुरडायचं तरी कुणाकडे बघून? एकटी तिळू कागदावर बसायची आणि तिच्यात कुणीच नसायचं.

"आत्या," तिने जेवताना विचारलं, "तू एकटी असतेस तेव्हा पण ढीठ असतेस का गं?"

"हा काय सवाल झाला?"

"असंच. म्हणजे कोणी बघत नसेल, तब भी?"

आत्याने पोळीचा तुकडा भाजीत बुडवला, पण तोंडात घातला नाही. "कुकरची शिट्टी झाली वाटतं," असं म्हणून ती उठून आत गेली. कुकर लावलेलाच नव्हता.

गुरुवारी संध्याकाळी मंजिरीने फोन केला. अवंतिकाने तो स्पीकरवर टाकून मेजावर ठेवला, म्हणजे हात मोकळे राहतात. पलीकडे दिवाणावर आत्या मटार सोलत बसली होती.

"हे बघ, मला तुझ्याकडून तिळू काढून घ्यायची नाहीये," मंजिरी म्हणाली. "पण आपलं कुठे तरी चुकतंय. तू मला सरळ सांग, धीट म्हटल्यावर तुझ्या डोळ्यांपुढे काय येतं?"

"मंजिरीताई, तेच तर मी काढून राहिलेय! धीट म्हणजे... ढीठ. मतलब, जो किसी की सुनता ही नहीं. ओरडा, मारा, काही असर नाही. बेशरम टाइप."

 पलीकडे मंजिरी जी हसत सुटली, ती थांबेचना. "अगं देवा! म्हणजे मी ‘अजून धीट, अजून धीट’ म्हणत होते आणि तू... अगं, ते ढीठ वेगळं. ते हिंदी. धीट म्हणजे न घाबरणारी. लहान मूल अंधारात एकटं जाऊन काही घेऊन आलं, की आपण म्हणतो ना, किती धीट आहे! ते."

अवंतिकाने कपाळावर हात मारला. कपाटावरच्या तमाम तिळू तिच्याकडे झुपके उडवून बघत होत्या. ध चा मा झालेला लोकांनी ऐकला होता, इथे ध चा ढ झाला होता आणि तोही स्वतःच्या हाताने. तिला हसूही येत होतं आणि लाजेने मेल्याहून मेल्यासारखंही झालं होतं.

"परत विचार तिला," दिवाणावरून आवाज आला.

अवंतिकाने वळून पाहिलं. आत्याच्या हातातली शेंग तशीच अर्धी उघडी होती.

"काय विचारू?"

"त्या शब्दाचं. पुण्याची आहे ना ती? चांगलं म्हणून म्हणतात का तो शब्द?"

"कोण बोलतंय?" मंजिरीने विचारलं.

"माझी आत्या."

"नमस्कार आत्या. हो, चांगलाच शब्द आहे तो. कौतुकाचा."

"नेहमी?"

"नेहमीच," मंजिरी जराशी गोंधळून म्हणाली. "आता अगदीच तिरकसपणे कुणी म्हटलं तर गोष्ट वेगळी. पण वडीलधारं माणूस पोराला धीट म्हणतं, ते कौतुकानेच."

फोन बंद झाला. आत्याने शेंग सोलली, दाणे टोपलीत टाकले आणि साल हातातच ठेवलं.

"आत्या? काय झालं गं?"

"काही नाही. तुझे आजोबा मला धीट म्हणायचे."

अवंतिकाचे आजोबा, बळवंतराव, ऐन तारुण्यात वाईहून नोकरीसाठी ग्वाल्हेरला आले होते. त्यांची हिंदी शेवटपर्यंत भाजीबाजारापुरतीच राहिली. आजी मात्र इथलीच, ग्वाल्हेरच्या लष्कर भागात जन्मलेली. तिच्या बोलण्यात दोन्ही भाषा एका ताटात जेवायच्या. हे सगळं अवंतिकाला ठाऊक होतं. आत्याने पुढे जे सांगितलं, ते मात्र तिने कधीच ऐकलं नव्हतं.

"मी लहान होते, तिसरीत की चौथीत. किला गेटकडून वर किल्ल्यावर चढत होतो आम्ही सगळे. तुझा बाप आईच्या कडेवर. तर एका माकडाने झडप घातली आणि बाबांचा चष्मा नाकावरून उचलून नेला. बसला समोर कठड्यावर. मोठा होता, दात काढून राहिला होता. आई ओरडत खाली पळाली, बाकीचे पण पळाले. बाबांना चष्म्याशिवाय स्वतःचा हात दिसायचा नाही गं. ते तिथेच उभे. मग मी पुढे झाले आणि हात केला. म्हटलं, दे."

"माकडाला?"

"मग काय कलेक्टरला?"

"आणि दिला त्याने?"

"कसला देतो! चावून बघितला, बेस्वाद लागला, फेकून दिला. एक काच तडकली. मी उचलून बाबांना दिला. खाली आल्यावर आईने सगळ्यांदेखत एक ठेवून दिली मला. ढीठ आहे कार्टी, म्हणाली. आणि बाबा..." आत्या थांबली. "बाबा घरी येईल त्याला सांगत सुटले. आमची शामला धीट आहे हो, फार धीट आहे. दूधवाल्याला पण सांगितलं. मला वाटलं, आईने एकदा मारलं, हे रोज मारून राहिलेत. मराठीतून."

आत्याने हातातलं साल बोटांनी मोडलं.

"नंतर मी त्यांचा हात धरून कुठे गेले नाही. म्हटलं, ढीठ तर ढीठ, दाखवतेच आता. मुरैन्याच्या शाळेत नोकरी लागली, एकटी राहायला निघाले, तर सगळे नातेवाईक जमले अडवायला. तेव्हा पण तेच म्हणाले. शामला धीट आहे, तिचं ती बघून घेईल. मी समजले, हात झटकले यांनी. मग शेवटपर्यंत मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलले. ते पण कामापुरतंच बोलले. त्यांना काय वाटलं असेल गं?"

  चित्रकाराची जात मोठी विचित्र. डोळे भरलेले, आणि हाताने पेन्सिल कधी उचलली तिलाच कळलं नाही. तिला एक गोष्ट हवी होती, आणि ती जगात या एकाच माणसाला ठाऊक होती.

"आत्या, तू हात पुढे केलास, तेव्हा पाय कुठे होते?"

"म्हणजे?"

"उभी कशी होतीस? भीती नव्हती वाटत?"

"भीती नव्हती? अगं पाय लटपटून राहिले होते माझे!" आत्या दिवाणावरून उठली. मटारची टोपली कलंडली, तिकडे दोघींचंही लक्ष गेलं नाही. "हे असं. हा पाय मागे. पळायचं झालं तर पळता यावं म्हणून. पोट आत खेचलेलं. आणि हा हात पुढे."

"आणि दुसरा?"

आत्याने दुसरा हात मागे नेला आणि हवेत काही तरी धरल्यासारखी मूठ वळली. मग स्वतःच्याच मुठीकडे वळून पाहिलं. "बाबांचा कोट," ती हळूच म्हणाली. "कोटाचं टोक धरलं होतं मी. माझ्या पण ध्यानात नव्हतं."

अवंतिकाने त्या संध्याकाळी एकच चित्र काढलं. झुपके पुसून टाकले, कारण आता त्यांचं काही काम नव्हतं. एक पाय मागे, अंगठ्यावर पेललेला. पोट आत. शेपूट दोन पायांमध्ये घुसायच्या बेतात, पण घुसलेली नाही. एक हात पुढे, तळवा वर. दुसरा मागे, कागदाच्या कडेशी, आजोबांच्या कोटाच्या टोकाला घट्ट लटकलेला. आजोबा चित्राबाहेरच राहिले. मग नुसत्या बाह्याकारावरून पात्र कळतं का, ही नेहमीची परीक्षा तिने घेतली : अख्खी आकृती काळी भरून टाकली. डोळे गेले, तोंड गेलं, केस गेले. तरी ते पिल्लू घाबरलेलं आहे हे दिसत होतं आणि हलणार नाही हेही दिसत होतं. समोर कोण आहे हे दाखवायची गरजच उरली नव्हती. ही एकटी असतानाही अशीच असणार.

शुक्रवारी दुपारी मंजिरीचा फोन आला. तिने आधी नमस्कार-चमत्कार काही केला नाही. "ही तिळू आहे," ती म्हणाली. "हीच. अगं, हिला बघून मला आधी भीती वाटली आणि मग हिच्यामागे जाऊन उभं राहावंसं वाटलं. आता मालिका संपेपर्यंत हिला दुसरं कुणी हात लावणार नाही. तू काढशील तशी ती चालेल, बोलेल. सांभाळ."

अवंतिकाचा जीव भांड्यात पडला. तिने त्या आनंदात खोलीतल्या खोलीत एक उडी मारली आणि मूळ कागद घेऊन आत्याकडे धावली.  आत्या गॅलरीत कपडे वाळत घालत होती. तिने हात पुसले, चष्मा लावला आणि कागद उजेडात धरला.

"पाय बरोबर आलेत," ती म्हणाली.

मग तिची नजर सरकत सरकत कागदाच्या कडेपर्यंत गेली, जिथे नुसतं कोटाचं टोक होतं आणि पुढे माणूस नव्हता. तिथे ती बराच वेळ थांबली. अवंतिकाला वाटलं, आता ही रडणार. पण आत्या रडली नाही, ती भडकली. पोरीने बापाशी भांडावं तशी, कित्येक वर्षांत पहिल्यांदा, हक्काने.

"मग सरळ शाबास म्हणायचं होतं ना हो बाबा," ती त्या कोटाच्या टोकाला म्हणाली. "तो शब्द तर दोन्हीकडे एकच आहे."